टिपणवहीची निवड

व्यवहारी मनुष्याजवळ पूर्वी एक लहानशी टिपणवही असे. मुदत ठेवीची तारीख, विमा हप्त्याचा महिना, उसनवारीचा हिशेब, नातलगांचे पत्ते असे सारे तीत नोंदलेले असे. आज ही वही भ्रमणध्वनीत आली आहे. गूगल कीप, मायक्रोसॉफ्ट वननोट, एव्हरनोट, ॲपल नोट्स, ऑब्सिडियन, जॉपलिन अशी अनेक ॲप्स उपलब्ध असल्याने कोणते घ्यावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बहुतेक जण रूपरंग व सोयी पाहून निवड करतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावयास हवा. येथे लिहिलेले मला उद्या बाहेर काढता येईल काय, आणि माझ्या पश्चात माझ्या माणसांना ते वाचता येईल काय?

या प्रश्नाचे मोल समजण्यास लखनौतीलच, पण एका मराठी माणसाचे उदाहरण पुरेसे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे, शिक्षणाने वकील. त्यांनी देशभर प्रवास करून गायकांकडून बंदिशी मिळविल्या आणि टिपून ठेवल्या. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने येथे सुरू झालेले मॅरिस कॉलेज आज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय म्हणून कैसरबागेत उभे आहे. त्यांची स्वरलिपी अगदी साधी आहे. सा, रे, ग, म ही नित्याची अक्षरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू व तार सप्तकासाठी वर बिंदू. म्हणूनच ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग आजचा विद्यार्थीही उघडून वाचू शकतो. टिपणारा गेला; टिपण मात्र बोलते राहिले.

ॲपच्या बाबतीत असा भरवसा गृहीत धरता येत नाही. गूगलनेच २००६ मध्ये सुरू केलेली ‘नोटबुक’ ही सेवा २०१२ मध्ये बंद केली. २००८ पासून लोकप्रिय झालेल्या एव्हरनोटची मालकी २०२३ च्या आरंभी एका इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विनामूल्य ग्राहकांना केवळ ५० टिपणे व एक वही अशी मर्यादा आली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. धंद्याची गणिते बदलतात, तशा अटीही बदलतात. आपण तेथे भाडेकरू आहोत, एवढे मात्र विसरू नये.

निवड करताना म्हणून एक लहानशी परीक्षा घ्यावी. नव्या ॲपमध्ये दहा टिपणे मराठीत लिहावीत, ती शोधून पाहावीत, बाहेर काढावीत आणि दुसऱ्या संगणकावर उघडावीत. जुन्या कृतिदेव टंकातील मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर कसा निरर्थक दिसतो, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. युनिकोडमधील मजकुराला ही अडचण येत नाही. ऑब्सिडियन आपली टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच यंत्रावर ठेवते. जॉपलिन विनामूल्य असून त्यात टिपणे कूटबद्ध करून ठेवण्याची सोय आहे. कीपमधील टिपणे ‘गूगल टेकआउट’द्वारे उतरवून घेता येतात. बाजाराची यादी, किरकोळ स्मरणे यांसाठी कीप उत्तम. परंतु वर्षानुवर्षे जपावयाच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत असाव्यात आणि त्यांची एक छापील प्रत घरच्या कपाटात असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बँकेत काम करणाऱ्याला या आग्रहाचे कारण रोज दिसते. घरातील कर्ता माणूस गेल्यावर कोणत्या शाखेत कोणती ठेव आहे, हेच कुटुंबाला ठाऊक नसते. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. पैसे बुडत नाहीत, वारसांना मागता येतात. शोधासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. पण वेळीच केलेली एक नोंद हा सारा शोध वाचवू शकते. ती नोंद मृताच्या कुलूपबंद भ्रमणध्वनीत असेल, तर असून नसल्यासारखीच. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. म्हणून ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये विश्वासू व्यक्तीचे नाव आजच नोंदवावे.

त्याचबरोबर काय लिहू नये, हेही सांगितले पाहिजे. पिन, पासवर्ड, ओटीपी, कार्डाच्या मागील तीन अंक यांना कोणत्याही टिपणात स्थान नाही. शाखेचे नाव, ठेवीची मुदत, नामनिर्देशन केले आहे की नाही, लॉकर कोठे आहे, पॉलिसीची कागदपत्रे कोणत्या फाइलीत आहेत, एवढे पुरेसे आहे.

ग्राहकहो, ॲप कोणतेही घ्या. पण या रविवारी घरच्यांना जवळ बसवून ही वही कोठे आहे आणि कशी उघडावयाची, हे एकदा दाखवून ठेवा.