गव्हाचे शेवटचे पाणी आणि दहावीचे इंग्रजी

एरवी मी बोंडअळी, ठिबक, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहीत असतो. आजचा विषय दहावीच्या इंग्रजीचा आहे. शेतीखात्याच्या माणसाने परीक्षेत नाक कशाला खुपसायचे, असे गुरुजी मंडळी म्हणतील. म्हणोत बापडे. ही परीक्षा आपल्या शेताच्या बांधावरच अडते, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघतो, म्हणून लिहितोय.

हिशेब करून बघा. १५ नोव्हेंबरच्या आसपास पेरलेल्या गव्हाला ८० ते ८५ दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दाणे भरायच्या वेळचे पाणी लागते. ते चुकले तर दाणा बारीक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की बाप मोटारीपाशी आणि दहावीतले पोरगे दारे धरायला, कंबरेला बॅटरी लावून. नेमक्या त्याच दिवसांत शाळेत इंग्रजीची तोंडी परीक्षा होते. पुढे दहा-पंधरा दिवसांत लेखी. पूर्वी लेखी परीक्षा मार्चमध्ये असायची, तेवढीच उसंत मिळायची. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. रात्री दोन वाजता चिखलात उभे राहिलेले पोरगे सकाळी अकराला वर्गात काय ऐकणार? डोळे उघडे, पण कान झोपलेले.

आता ही परीक्षा असते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच पालकांना 'इंग्रजीचा पेपर' एवढेच ठाऊक असते. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी १०० गुणांचे असते. त्यातले ८० लेखी आणि २० ऐकण्या-बोलण्याचे. हे २० गुण शाळेतच, शाळेचेच शिक्षक देतात. लेखीत पुस्तकातले धडे-कविता असतात, तसाच पुस्तकाबाहेरचा, मुलाने आधी कधी न पाहिलेला उताराही असतो. तो वाचून, समजून उत्तरे लिहायची. पाठांतर तिथे कामाला येत नाही.

खरे दुखणे त्या २० गुणांत आहे. तोंडी परीक्षेत शिक्षकाने इंग्रजी वाचायचे, मुलाने ऐकून उत्तर द्यायचे, चार वाक्ये स्वतः बोलायची, अशी अपेक्षा असते. काही शाळा ती मनापासून घेतात, त्यांना माझा नमस्कार. पण 'नाव सांग, गाव सांग' एवढ्यावर १८ गुण लिहिणाऱ्या शाळाही आहेत, आणि त्यात एकट्या शिक्षकाचा दोष नाही. आपणच जाऊन म्हणतो, "गुरुजी, पोराचं तेवढं बघा." गुरुजी बघतात. पास व्हायला ३५ लागतात. १८ असे आले की ८० पैकी १७ मिळाले तरी पोरगे पार. पेढे वाटले जातात. पण त्या पोराने वर्षभरात इंग्रजीचे एक सलग पान कानाने ऐकलेले नसते.

हे २० गुण किती वजनाचे आहेत ते एका वर्षी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेतले गुण काढून टाकले आणि पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नांची पद्धतही नवी होती, त्यामुळे सगळे खापर एकावर फोडता येत नाही. तरी ओरड झाली ती शाळेतल्या गुणांवरून, आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही ध्यानात ठेवा.) मला तोंडी परीक्षा नको आहे असे नाही. उलट ती पाहिजेच. ऐकल्याशिवाय कुठली भाषा येते? आपले तान्हे पोर आधी वर्ष-दीड वर्ष नुसते ऐकतेच ना, मग बोलते. माझे भांडण परीक्षा न घेता दिलेल्या गुणांशी आहे. ते म्हणजे बी न पेरता पंचनाम्यात पीक दाखवण्यासारखे झाले.

याची किंमत कुठे मोजावी लागते ते माझ्यावर बेतलेल्या गोष्टीवरून सांगतो. शेतीची पदविका घेऊन मी नोकरीला लागलो, त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका औषधाबद्दल फोनवर माहिती विचारत होतो. पलीकडचा माणूस परराज्यातला, इंग्रजीतून भराभर बोलणारा. त्याने पंपाला किती मिली घ्यायचे ते सांगितले. मी वहीत लिहिले, ५० मिली. दुपारी एका शेतकरी दादांना सांगायला निघालो तेव्हा मनात पाल चुकचुकली, म्हणून पुडक्यातले माहितीपत्रक काढून वाचले. मात्रा १५ मिली होती. तो 'फिफ्टीन' म्हणाला होता, माझ्या कानाने 'फिफ्टी' ऐकले होते. तिपटीहून जास्त औषध! पीक जळाले असते ते जळालेच असते, फवारणाऱ्या माणसाचे काय झाले असते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी मला वाचता येत होते म्हणून निभावले. कान मात्र कच्चाच होता, आणि तो कच्चा आहे हे कुठल्याच परीक्षेने मला सांगितले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे, की या २० गुणांसाठी शाळेत रदबदली करायला जाऊ नका. जायचेच असेल तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एवढेच विचारा, "गुरुजी, ऐकण्याची परीक्षा कधी घेणार? आणि त्याआधी सराव किती वेळा घेणार?" सरपंच, उपसरपंच जाऊन विचारतील तर उत्तमच. विचारणारे आहेत म्हटल्यावर परीक्षा नीट होते.

आता घरी काय करायचे. "आम्हाला कुठं इंग्रजी येतं?" हा प्रश्न प्रत्येक आई-बाप विचारतात. येण्याची गरज नाही, असे मी अनुभवावरून सांगतो.

ऐकण्याचे आधी बघू. मुलाला एकदम इंग्रजी बातम्या लावून दिल्या तर त्याला गोंगाटच ऐकू येतो. त्याने आधी आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकाव्या आणि मग त्याच दिवसाच्या इंग्रजी. बातमी तीच असते. धरण किती भरले, कोण मंत्री कुठे गेला, सामना कोण जिंकले, हे आधीच ठाऊक असल्यामुळे कान ओळखीचे शब्द पकडत जातो. पहिले चार-आठ दिवस नुसती नावे आणि आकडे कळतात. कळू द्या. पंधरवड्याने अर्धे वाक्य हाताला लागते. रेडिओ नसेल तर आकाशवाणीचे 'न्यूज ऑन एअर' ॲप मोबाईलवर चालते. तसाही मोबाईल पोराच्या हातात असतोच, निदान पंधरा मिनिटे तरी कामाला लागेल. आकड्यांचा सराव वेगळा करून घ्यावा. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी, एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने अंकात लिहायचे. घरात धाकटे भावंड असेल तर दोघांचे काम होते.

वाचण्याला तर आपल्या घरातच पुस्तक आहे. बियाण्याच्या पिशवीला शिवलेला टॅग बघितला आहे का? प्रमाणित बियाण्याला निळा असतो. त्यावर पिकाचे नाव, वाण, लॉट नंबर, उगवणक्षमता, शुद्धता, तपासणीची तारीख, मुदत, सगळे इंग्रजीत छापलेले असते. मुलाला म्हणा, हे वाच आणि मला मराठीत सांग. इथे गंमत अशी होते की अक्षरे मुलाला येतात आणि विषय बापाला येतो. 'जर्मिनेशन' म्हणजे काय ते मुलगा अडखळत सांगेल, पण टॅगवर उगवण किती टक्के लिहिलेली असणार, हे तुम्हाला आधीच माहीत असते. चुकले की तुम्ही पकडणार! युरियाच्या गोणीवर ४५ किलो वजन आणि नत्राचे ४६ टक्के लिहिलेले असतात, तेही वाचून घ्या. मग टॅगवरूनच चार प्रश्न विचारा. हे बियाणे कधीपर्यंत चालेल? तपासणी कोणत्या महिन्यात झाली? लॉट नंबर काय? परीक्षेतल्या न पाहिलेल्या उताऱ्यावर प्रश्न येतात ते याच जातीचे असतात. उत्तर समोर छापलेलेच असते, शोधायचे असते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. वाचायला म्हणून औषधाची बाटली मुलाच्या हातात देऊ नका, रिकामी असली तरीही नाही. पुडक्यात कोरडे माहितीपत्रक येते, तेवढेच हात स्वच्छ असताना काढून ठेवा आणि तेच वाचायला द्या. त्यात विषबाधेची लक्षणे आणि त्यावरचा उतारा दिलेला असतो. मुलाला ते वाचता आले तर घरात एक जाणते माणूस तयार झाले.

शाळेच्या पुस्तकांतही एक सोय आहे. बालभारतीने विज्ञान, भूगोल ही पुस्तके मराठीत काढली आहेत तशीच इंग्रजीतही काढली आहेत, आणि ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मराठीत वाचलेलाच धडा इंग्रजीतून एकदा वाचला की निम्मे शब्द आपोआप उलगडतात. परीक्षेत उतारा समोर आला की आधी खालचे प्रश्न वाचावे आणि मग उतारा, म्हणजे काय शोधायचे ते डोळ्याला कळते. अडलेल्या शब्दापाशी थांबून राहू नये. नांगराला दगड लागला तर आपण तास सोडून घरी येतो का? बाजूने काढतो. तसेच पुढचे वाक्य वाचले की मागच्या शब्दाचा अंदाज येतो. आधी पेपर सुरू होण्यापूर्वी वाचायला दहा मिनिटे मिळत. २०२३ पासून ती शेवटी लिहायला देतात. म्हणजे वाचायचा वेळ आता मुलाने स्वतःच राखून ठेवायचा.

हे सगळे मिळून दिवसाला अर्धा-पाऊण तास होतो. तेवढा वेळ घरातून मिळतो का, हाच प्रश्न आहे. मुलगा दाऱ्यावर असतो आणि मुलगी चुलीपुढे. मुलीचे तर कोणी बोलतही नाही. शाळेतून आली की पाणी, भाकरी, धुणी, आणि नऊ वाजता पुस्तक उघडायचे ते पेंगत. रात्रीच्या पाण्याला मुलाऐवजी शेजाऱ्याबरोबर सावड करा. आज तुम्ही त्याच्या रानात, उद्या तो तुमच्या. पेरणीला करतोच की. फेब्रुवारीचे तीन आठवडे भाकरीला घरातल्या मोठ्या माणसांनी हात लावला तर चुलीचे काही बिघडत नाही.

गावच्या कारभाऱ्यांकडे दोन मागण्या आहेत. २६ जानेवारीला ग्रामसभा होते. तिच्या विषयपत्रिकेवर आत्ताच एक विषय घालून घ्या, दहावी-बारावीची परीक्षा संपेपर्यंत ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवण्याचा. दिवा आणि सतरंजी एवढाच खर्च आहे. गावात पदवी झालेली, नोकरीची वाट बघणारी चार मुले-मुली असतात. त्यातल्या एकाने रोज इंग्रजीचा एक उतारा मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकून उत्तरे लिहावी, एवढे झाले तरी तोंडी परीक्षेचा सराव होतो.

दुसरी मागणी भोंग्याची. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा तर कायदाच आहे. पण मुलांच्या अभ्यासाची वेळ सात ते दहा असते आणि त्याच वेळी लग्नाची हळद, वाढदिवस आणि देवळातली कॅसेट एकदम सुरू होतात. देव काही बहिरा नाही. पोलीस पाटलांनी आणि देवस्थानच्या पंचांनी बसून महिनाभरापुरता आवाज कमी करायचे ठरवले तर कोणाचा मान जात नाही. आमच्या भागातल्या एका गावाने गेल्या वर्षी हे करून दाखवले. हळद जोरात झाली, फक्त भोंगा मांडवाच्या आत वळवला होता.

बियाण्याचा टॅग आणि खताच्या गोणीवरचा मजकूर घेऊन त्यावर प्रश्न काढलेला एक दोन पानी कागद मी तयार केला आहे. गावभेटीच्या दिवशी तो माझ्याजवळ असतो. ज्या घरात दहावीचे मूल आहे त्यांनी मागून घ्यावा, आणि शाळेला हवा असेल तर गुरुजींनी सरळ झेरॉक्स काढाव्या. उत्तरे मुद्दामच छापलेली नाहीत. ती वडिलांना विचारायची आहेत.