एवढी मोठी गाडी आणि पायाखाली रबर?

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की लोक इंजिनाबद्दल बोलतात, रंगाबद्दल बोलतात, क्रोमबद्दल तर तासन्‌तास बोलतात. खालच्या गालिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तो विषय निघतो अगदी शेवटी, पैसे संपत आलेले असताना. मग कोणीतरी म्हणतं, "टाका काहीतरी छानसं, मऊ मऊ." माझं म्हणणं असं आहे की गाडीत खोटेपणा शिरतो तो नेमका या "छानसं"मधून.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर जावा लिहिणाऱ्या माणसाला गालिच्यातलं काय कळतं? रास्त प्रश्न आहे. झालंय असं की माझ्या टीममधल्या एका सीनियरच्या सासऱ्यांकडे १९६४ ची मर्सिडीज २२० एस आहे. मागे माशाच्या परांसारखे दोन कल्ले, म्हणून हिला 'फिनटेल' म्हणतात. काकांनी ती सत्तरच्या दशकात घेतली. त्या काळी परदेशी गाडी बाहेरून आणणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतंच. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यातलीच ही एक. सध्या ती कालिन्यात एका शेडमध्ये उघडी पडली आहे. वाकोल्याहून मी चालत जातो, त्यामुळे गेले कित्येक शनिवार तिथेच जाताहेत.

तर वाद असा पेटला. गाडीत पुढच्या बाजूला, पायाखाली होती रेघांची काळी रबरी मॅट. बाकी ठिकाणी खरखरीत, आखूड फेऱ्यांचा, चौकटी विणीचा गालिचा. दिसायला अगदी गोणपाटाचा सभ्य भाऊ! सीएसटी रोडवरचा सीटवाला म्हणाला, "साहेब, मखमल टाका, गाडी उठून दिसेल." काकूंनी तर विचारलंच, "एवढी मोठी गाडी आणि पायाखाली रबर? हे नंतर कोणीतरी स्वस्तात बसवलेलं असणार."

नाही हो काकू. पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी मर्सिडीजमध्ये रबरी मॅट कारखान्यातूनच यायची. जर्मन माणसाच्या लेखी चैन म्हणजे चिखलाचे बूट घालून बसलं तरी गाडी खराब न होणं. इंग्रज माणसाची चैन वेगळी. रोल्स-रॉइसमध्ये लोकरीचा विल्टन गालिचा, दाट कापलेल्या लवेचा. विल्टन हे इंग्लंडमधलं एक गाव, त्यावरून विणीला नाव पडलं. अमेरिकन माणसाची चैन आणखी तिसरी. साठच्या दशकातल्या त्यांच्या गाड्यांत रेयॉन-नायलॉनच्या फेऱ्यांचा गालिचा असायचा, तळाच्या आकारावर साच्यात दाबून बसवलेला. तिन्ही आपापल्या जागी अस्सल. पण रोल्सचा विल्टन मर्सिडीजमध्ये घातला की तो महाग असेल, सुंदर असेल, अस्सल मात्र नसेल. आपण इथेच घोटाळा करतो. अस्सल आणि उंची हे दोन वेगळे शब्द आहेत.

मग अस्सल ओळखायचं कसं? गाडीलाच विचारायचं. सीटच्या रुळाखाली, दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखाली, मागच्या बाकाच्या पाठीमागे मूळ गालिच्याचा एखादा तुकडा दडलेला असतोच. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे खरा रंगही तिथेच सापडतो. त्यातला एक धागा काढून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरगळते आणि काडी बाजूला घेतली की आग आपोआप विझते. नायलॉन वितळतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. ताग किंवा सूत कागदासारखं जळतं. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, काडेपेटी पुरते. (धागा गाडीबाहेर नेऊन जाळा, बरं का!)

सनावळीसुद्धा मदतीला येते. नायलॉनचा शोध १९३५ चा आहे, आणि सुयांनी धागे टोचून मागे लेटेक्सने धरून ठेवलेले टफ्टेड गालिचे जगभर पसरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे १९३० सालच्या संस्थानी गाडीत टफ्टेड नायलॉन दिसला तर तो पाहुणा आहे हे नक्की समजावं. शिवाय आपल्या उकाड्यात आणि दमट हवेत लेटेक्सची काही वर्षांत पूड होते. विणलेल्या गालिच्यात धागा मुळातच विणीत अडकवलेला असतो, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

आता दुसऱ्या बाजूचा मुद्दा, आणि तो खरंच दमदार आहे. मुंबईचा पाऊस! २६ जुलै २००५ ला मी प्राथमिक शाळेत होतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि आमच्या वाकोल्यात पाणी ओसरल्यावरही कितीतरी दिवस उभ्या गाड्यांमधून कुबट वास येत होता. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषते आणि तरी हाताला कोरडी लागते. त्याखाली तागाचा नमदा. तो एकदा भिजला की स्पंजासारखं पाणी धरून बसतो, आणि वरून काही कळायच्या आत तळाचा पत्रा गंजून जाळीदार होतो. वर कोरड्या दिवसांत लोकरीला कसर लागते ती वेगळीच. तेव्हा "मुंबईत अस्सल बिस्सल विसरा, सरळ सिंथेटिक टाका" म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. काकांच्या गाडीचा डाव्या बाजूचा पत्रा आम्ही स्वतः पाहिला आहे, बोट आरपार जात होतं.

तरीही मी त्यांच्या बाजूचा नाही. कारण पाणी धरून ठेवतो तो मुख्यतः खालचा नमदा, आणि तो कोणाला दिसत नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवा, आतलं इम्प्लिमेंटेशन खुशाल बदला. डोळ्यांना दिसतं आणि पायाला लागतं ते सगळं मूळ जातीचं हवं: तीच वीण, तोच धागा, तीच जाडी, कडेचं पायपिंगसुद्धा तसंच. त्याखाली पत्र्याला गंजरोधक रंग द्या आणि नमद्याऐवजी पाणी न पिणारा फोम घाला. यात बाटल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. फक्त काय बदललं ते कागदावर लिहून गाडीच्या फायलीत ठेवा. कॉमेंट न लिहिता कोड बदलणाऱ्याला आपण काय काय म्हणतो, आठवा :-) आणि गालिचा सोल्युशनने पत्र्याला चिकटवू नका. टिचबटणांवर बसवा, म्हणजे जूनमध्ये काढून घरात ठेवता येईल.

कायदा इथे आपल्याला काही सांगत नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यात चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत असं म्हटलंय. गालिच्याचा उल्लेख नाही. म्हणजे ही गोष्ट सर्वस्वी मालकाच्या मनावर आहे, आणि म्हणूनच ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कोणी तपासणार नाही तिथे आपण काय करतो, हाच तर प्रश्न आहे.

काकांनी रबर ठेवायचं ठरवलंय. काकू अजून रुसलेल्या आहेत. चौकटी विणीचा लोकरी गालिचा जर्मनीहून मागवायचा की इथल्याच एखाद्या विणकराकडून विणून घ्यायचा, यावर खल चालू आहे. माझं मत विणकराच्या बाजूने आहे, कारण हातात मूळ नमुना आहे.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. नवा गालिचा चुकला तर पुढचा मालक बदलू शकतो. पण जुना कचऱ्यात गेला तर ती गाडी मुळात कशी होती हे सांगणारा साक्षीदारच संपतो. तेव्हा तुमच्या घरात, गावाकडच्या गोठ्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी गाडी असेल आणि तिचं आतलं सगळं उपसायचं ठरलं असेल, तर एवढं करा: मळका असो, कुजका असो, त्या गालिच्याचा वीतभर तुकडा कापून सुकवा, पिशवीत घाला आणि वर गाडीचं नाव आणि साल लिहून ठेवा. मखमलीचा विचार त्यानंतर.