चिखलात कोण उतरणार?

मंडळी, चार दिवस सुट्टी काढून कोकणात जावं, मागे घरातला फ्रीज बंद पडावा आणि परत आल्यावर दार उघडताच जो वास नाकात शिरतो, तो आठवतोय? सैबेरियात कोलिमा नदीच्या काठावर दुवान्नी यार नावाचा गोठलेल्या मातीचा उंच कडा आहे. उन्हाळ्यात तो वितळून ढासळायला लागला की असाच कुजकट वास सुटतो. फरक इतकाच, की या फ्रीजमधला माल हजारो वर्षं जुना आहे.

अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग किमान दोन वर्षं शून्याच्या खाली राहिलेली जमीन, ही तिची व्याख्या. पण दुवान्नी यारच्या मातीचं वय ऐकाल तर चाट पडाल. तिथे खारींच्या प्राचीन बिळांत सापडलेल्या, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या फळांच्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी चक्क फुलं येणारी रोपं वाढवली. २०१२ मध्ये ती बातमी जगभर गाजली.

हे झालं कौतुकाचं. खरी भानगड पुढेच आहे. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टमध्ये आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन दडलाय. जुनी मुळं, गवत, प्राण्यांचे अवशेष, सगळं गोठून पडलंय. ते वितळलं की जिवाणूंची पंगत बसते, आणि जेवण झालं की कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन हवेत जातो.

आता म्हणाल, सॅटेलाइट आहेत की! आहेत, आणि जमीन कुठे खचली ते त्यांना छान दिसतं. पण ओघळातल्या गढूळ पाण्यात विरघळलेला कार्बन कालचा की वीस हजार वर्षांपूर्वीचा, हे वरून कसं कळणार? त्यासाठी कुणीतरी गमबूट घालून, डास मारत, चिखलात उतरून बाटली भरावी लागते.

दुवान्नी यारला लोकांनी नेमकं हेच केलं. वितळलेल्या पाण्याच्या बाटल्या नदीइतक्याच तापमानाला, अंधारात ठेवल्या. चौदा दिवसांत त्यातला एक तृतीयांश विरघळलेला कार्बन गायब! २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कार्बनचं वय होतं वीस हजार वर्षांहून जास्त. म्हणजे नमुना खाली मोठ्या नदीत घेऊन भागत नाही. तिथवर पोचेपर्यंत पुरावा बऱ्यापैकी फस्त झालेला असतो.

जवळच्या चेर्स्की गावात संशोधन केंद्र आहे. २००८ पासून काही वर्षं ‘पोलारिस प्रोजेक्ट’मधून अमेरिकेतली आणि रशियातली कॉलेजची मुलं तिथे उन्हाळ्यात यायची. नदीतल्या बार्जवर मुक्काम, न मावळणारा सूर्य आणि दिवसभर बाटल्या, फिल्टर, लेबलं. आपल्या एक्सेल शीटइतकंच कंटाळवाणं काम, फक्त ऑफिसात एसी नाही!

पण सगळी मजा या कंटाळवाणेपणातच आहे. ओब, येनिसेई, लीना, कोलिमा, युकॉन आणि मॅकेंझी या सहा मोठ्या नद्यांचं पाणी २००३ पासून एकाच ठरलेल्या पद्धतीनं तपासायला सुरुवात झाली. हिवाळ्यात त्यासाठी बर्फाला भोक पाडायचं. त्याआधी प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे एका नदीचा आकडा दुसरीशी ताडून बघायची सोय नव्हती.

मग २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य संस्थांनी रशियन संस्थांबरोबरचं काम थांबवलं आणि सैबेरियातलं बाहेरच्यांचं येणंजाणं जवळजवळ बंद झालं. २०२४ मधल्या एका अभ्यासानं दाखवलं, की रशियातली केंद्रं वगळली तर आर्क्टिकचं आपल्यासमोरचं चित्रच तिरकं होतं. आणि पर्माफ्रॉस्टचा सगळ्यात मोठा वाटा तर रशियातच आहे.

राजकारण कधीतरी मिटेल. ऑफिसात मागची एंट्री नंतर भरता येते, दोन दिवसांची टाइमशीट शुक्रवारी उरकता येते. पण या वर्षी न भरलेली बाटली पुढच्या वर्षी भरता येत नाही, बॉस. ते पाणी गेलेलं असतं, आणि त्यातला कार्बन हवेत.