ध्रुवाचं काळीज

मेहकरहून ध्रुव फार उंच दिसत नाही. आपलं गाव साधारण २० अंश अक्षांशावर, म्हणून तोही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की झालं. लग्नात नवरा-नवरीला तो दाखवतात, त्याच्यासारखे अढळ राहा म्हणून.

आता गंमत बघा. हा अढळ तारा दर चार दिवसांनी किंचित फुगतो आणि आक्रसतो, त्याचं तेजही कमीजास्त होतं. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ साली ते दाखवून दिलं.

अशा रूपविकारी ताऱ्यांबद्दल मुलांना सांगताना आपण हमखास म्हणतो, "ताऱ्याचं काळीज धडधडतंय." मला ही उपमा पटत नाही. ताऱ्याच्या गाभ्यातली भट्टी एकसारखी जळत असते. धडधड होते ती वरच्या थरांमुळे.

वरण शिजताना पातेल्यावरचं झाकण आठवा. आच तीच असते, पण वाफ कोंडली की झाकण उचलतं, वाफ निसटली की खाली बसतं. एडिंग्टन यांनी १९२० च्या दशकात अशाच एका झडपेची कल्पना मांडली. झडप कशाची, याचं उत्तर १९५० च्या दशकात रशियातल्या झेवाकिन यांनी दिलं: हेलियमची.

वरच्या थरांत, साधारण ४०,००० अंश तापमानाला, हेलियमचा अणू आपला उरलेला एक इलेक्ट्रॉन सोडू लागतो. थर दाबला गेला की एरवी वायू जास्त तापून पारदर्शक होतो आणि उष्णता निसटते. इथे मात्र ती ऊर्जा इलेक्ट्रॉन सोडवण्यातच खर्च होते. थर हवा तसा तापत नाही, उलट अधिक अपारदर्शक होतो. खालून येणारी उष्णता अडते, दाब वाढतो, थर वर ढकलला जातो. पसरला की इलेक्ट्रॉन परत अणूला चिकटतात, वाट मोकळी होते, उष्णता निघून जाते आणि थर पुन्हा खाली येतो. हा थर योग्य खोलीवर असेल तरच खेळ चालू राहतो. सगळे तारे म्हणूनच असे धडधडत नाहीत.

मग लग्नात ध्रुव दाखवणं सोडायचं का? मुळीच नाही. उलट हे सगळं सांगून दाखवावा. वर रोजची चढउतार आणि आत शांत आच, हे संसाराला जास्त जवळचं नाही का? निदान मुलांना "का" विचारायला तरी जागा राहील.

तुमच्याकडे अजून दाखवतात का ध्रुव? जरूर कळवा.