स्की, छेद आणि फॉरवर्डमधलं भाषाशास्त्र

हिवाळी ऑलिम्पिक आलं की दोनेक आठवडे आपण सगळे बर्फतज्ज्ञ होतो. पण 'स्की' म्हणजे नेमकं काय, हे किती जणांना माहीत असतं? घसरणं? बर्फ? नाही मंडळी. स्की म्हणजे चिरलेलं लाकूड. बस्स.

जुन्या नॉर्स भाषेत हा शब्द 'स्कीद' असा होता, शेवटचा 'द' मऊ, इंग्रजी 'दिस'मधल्यासारखा. अर्थ फळी, ढलपा. पुढे नॉर्वेत तो 'द' गळला आणि 'स्क'चा 'श' झाला. म्हणजे ज्यांचा हा शब्द, ते त्याला चक्क 'शी' म्हणतात! (हसून घ्या.) जर्मन लोक लिहितात स्की आणि म्हणतात शी. आपल्याकडे शब्द इंग्रजीतून आला, म्हणून 'क' शाबूत. नॉर्वेतल्या चिरलेल्या लाकडांच्या पारंपरिक कुंपणाच्या नावातही हाच शब्द आहे, आणि जर्मनमध्ये सरपणाच्या लाकडाला म्हणतात 'शाइट', तोही याचाच भाऊबंद.

आता खरी गंमत. भाषातज्ज्ञ याचं मूळ 'स्केइ' या धातूपाशी नेतात. अर्थ कापणं, चिरणं. त्याच धातूतून संस्कृतात आला 'छिद्'. म्हणजे आपले छेद, छिद्र, विच्छेद हे स्कीचे चुलत भाऊ. 'स्क'चा 'छ' कसा? तर तो नियमच आहे. ग्रीकमध्ये सावलीला 'स्किया' म्हणतात, आपण म्हणतो 'छाया'. स्कीदमधला 'द' आणि छिद्-मधला 'द' मात्र एक नव्हेत. मूळ धातूला दोन्हीकडे वेगवेगळी व्यंजनं चिकटली. आज ती सारखी दिसतात हा निव्वळ योगायोग.

एवढं वाचून एखादा फॉरवर्ड टाइप करायला घेईल : "बघा, स्कीसुद्धा संस्कृतातूनच!" इथेच माझं डोकं फिरतं. अरे बाबा, नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही एकाच जुन्या रिपॉझिटरीचे फोर्क आहेत. संस्कृत ही स्कीची आई नाही आणि नॉर्स ही छेदाची मावशी नाही. चुलत भावाला मुलगा म्हणून मिरवण्यात कसला आलाय अभिमान? उलट ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही अशा दोन टोकांच्या लोकांनी एकच धातू हजारो वर्षं सांभाळला, एकाने त्याच्या पायाला बांधायच्या फळ्या केल्या आणि दुसऱ्याने गणितातला छेद, ही गोष्ट मला तरी जास्त भारी वाटते. पण ती 'आपलं सगळ्यात जुनं'च्या साच्यात बसत नाही, म्हणून फॉरवर्ड होत नाही.

दुसऱ्या टोकाचे शुद्धिवालेही आहेतच. त्यांना स्कीसाठी काहीतरी 'हिमघसरपट्टी' छाप हवं असतं. राहू द्या हो. गुलमर्ग-औलीला जाणारा पोरगा भाड्याने स्कीच मागणार.