कात्री आणि बेडी

१८८२च्या जुलैत आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले, ते तिसऱ्याच कुणाच्या तरी लिखाणापायी. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावावरची काही पत्रं पुण्यात पोहोचली होती. छत्रपतींच्या छळाचा कट त्यांतून उघड होत असल्यासारखा दिसत होता. त्या पत्रांवर विसंबून आगरकर-टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'नं बर्व्यांवर तोफ डागली. खटल्यात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झालीच. १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. पत्र कुणाचंही असो, छापलं त्यानं निस्तरायचं, हा धंद्यातला पहिला धडा 'केसरी'नं अवघ्या दीड वर्षाच्या वयात गिरवला.

वाचकांच्या पत्रांवर कात्री घेऊन बसणारा उपसंपादक या भीतीतूनही घडला. तो शिव्या गाळायचा, पाल्हाळ छाटायचा, चार पानी पत्राच्या बारा ओळी करायचा आणि 'पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ टाकून मोकळा व्हायचा. पत्र कापलं गेलेला वाचक चिडायचा, दुसरं पत्र लिहायचा, कधी जिना चढून कचेरीत येऊन भांडायचाही. पण कुणाशी भांडायचं, हे त्याला ठाऊक होतं. आज एखाद्याची कमेंट उडते तेव्हा जिनाही नसतो आणि माणूसही. 'आमच्या नियमांत बसत नाही' एवढी एक ओळ येते, पुष्कळदा तीही नाही.

डोंगरीचा धडा शंभरहून अधिक वर्षांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात नव्या वेशात उभा राहिला. प्रॉडिजी ही संगणकावरून गप्पांचे अड्डे चालवणारी कंपनी. तिच्या 'मनी टॉक' नावाच्या अड्ड्यावर १९९४च्या ऑक्टोबरात कुणा निनावी माणसानं लिहिलं की स्ट्रॅटन ओकमाँट ही शेअर दलालांची पेढी लबाड आहे. पेढीनं २० कोटी डॉलरचा दावा ठोकला. १९९५च्या निकालाचा मथितार्थ असा होता: प्रॉडिजी अड्ड्यावरची घाण काढते, म्हणजे ती संपादकाचं काम करते, म्हणून राहून गेलेल्या घाणीलाही तीच जबाबदार. झाडू हातात घेतला म्हणूनच ती अडकली! हा तिढा सोडवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसनं १९९६ साली कलम २३० आणलं. दुसऱ्याच्या मजकुराबद्दल जागा देणाऱ्याला प्रकाशक धरायचं नाही आणि त्यानं सद्हेतूनं काही काढून टाकलं तर त्याबद्दलही त्याला कोर्टात खेचायचं नाही, असा दुहेरी बंदोबस्त झाला. पुढे १९९९मध्ये पेढीचा संस्थापक जॉर्डन बेलफोर्ट यानं फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' हा सिनेमा त्याच्यावरचाच. म्हणजे तो निनावी माणूस बऱ्याच अंशी खरंच बोलत होता, आणि खरं नाव देऊन लिहायची सक्ती असती तर बहुधा त्यानं लिहिलंच नसतं. टोपणनावाला सरसकट भेकड म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात डोकावावं. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाआडून.

आपल्याकडे मात्र ही चर्चा संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच पोलीस ठाण्यात गेली.

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. बाळासाहेब ठाकरे यांचं आदल्या दिवशी निधन झालेलं, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, मुंबई कडकडीत बंद. पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर लिहिलं की माणसं रोजच जातात आणि जग चालत राहतं. शहर बंद आहे ते आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. ना शिवी, ना धमकी. तिच्या मैत्रिणीनं त्यावर 'लाइक'चं बटण दाबलं. जमावानं मुलीच्या काकांच्या हाडांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी अटक केली ती या दोन मुलींना. पुढे दोघा पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं, मुलींवरचा खटला गुंडाळला गेला. पण लावलेल्या कलमांतलं एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, देशभर बदनाम झालं ते इथून. 'अतिशय आक्षेपार्ह' मजकुराला आणि खोटी माहिती पाठवून कुणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' करण्याला हे कलम तीन वर्षांपर्यंतची कैद सांगत होतं. गैरसोय! गल्लीत गणपतीचा मांडव पडला की गैरसोय होते, शेजारच्या लग्नातल्या डीजेनं होते. त्यासाठी कुणी तीन वर्षं आत जात नाही.

पालघरच्या बातमीनं अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. कायद्यानं हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर, अशी त्या निकालाची मांडणी आहे. दुसऱ्याचा मजकूर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तरच काढण्याची सक्ती करता येईल, हेही त्यात स्पष्ट झालं. तीनच महिन्यांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं नेमका उलटा सूर लावला. एस्टोनियातल्या 'डेल्फी' या बातम्यांच्या संकेतस्थळावर एका फेरी कंपनीबद्दलच्या बातमीखाली १८५ प्रतिक्रिया आल्या होत्या, त्यांतल्या वीसेक शिवीगाळीच्या आणि धमक्यांच्या. तक्रार आली त्याच दिवशी डेल्फीनं त्या काढल्या, तरी एस्टोनियाच्या कोर्टांनी लावलेली नुकसानभरपाई कायम राहिली. रक्कम फक्त ३२० युरो. दहशत मात्र कितीतरी मोठी. अशा निकालानंतर पोर्टलवाला छाटत बसत नाही, सरळ प्रतिक्रियांचं दारच बंद करतो.

इकडे रद्द झालेलं ६६अ पोलिसांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की त्याखाली गुन्हे नोंदवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा बजावावं लागलं. २०२३मध्ये केंद्रानं नियमांत दुरुस्ती करून नवीच वाट काढली: सरकारी कारभाराबद्दलचं काय 'खोटं वा दिशाभूल करणारं' आहे ते सरकारी तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. सप्टेंबर २०२४मध्ये तिसरे, न्या. चांदूरकर, यांच्या कौलानं ती दुरुस्ती रद्द झाली. ज्याच्यावर टीका त्याच्याच हाती कात्री, असला तो मामला होता.

म्हणून कात्रीच फेकून द्यावी, असं म्हणणाऱ्यांनी 'गार्डियन'नं २०१६ साली केलेली स्वतःची झडती पाहावी. त्या ब्रिटिश वृत्तपत्रानं दहा वर्षांतल्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या. सर्वाधिक हल्ले झेलणाऱ्या दहा लेखकांत आठ स्त्रिया निघाल्या आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष. सर्वांत कमी त्रास झालेले दहाच्या दहा पुरुष. (शब्दकोडी आणि क्रिकेट या विषयांवर मंडळी सभ्यपणे बोलत होती. क्रिकेटवर सभ्यपणे! आपल्या वाचकांना ही परीकथाच वाटेल.) 'ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या' असा कारभार असला की सगळे बोलतात, हा भ्रम या आकड्यांपुढे टिकत नाही. लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली बलात्काराची धमकी वाचावी लागणारी बाई एक दिवस लिहिणं थांबवते. तिचा आवाज कुणी कापला, याची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात होत नाही.

नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या 'एनआरके-बेटा' या विभागानं २०१७मध्ये एक साधी युक्ती करून पाहिली. काही लेखांखाली प्रतिक्रिया द्यायची तर आधी त्या लेखावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. मत कुठलंही चालेल, पण लेख वाचलेला हवा. मथळा पाहूनच बाह्या सरसावणाऱ्यांचं त्यात अडतं आणि कुणाच्या मताला हातही लागत नाही. मराठीत हे कुणी तरी करून पाहायला हवं.

पण मराठीतला खरा पेच पुढचाच आहे. कोकणातली आजी अंगणात आलेल्या नातवाला 'मेल्या, होतास कुठे इतके दिवस?' म्हणते तेव्हा तिचे डोळे भरलेले असतात. ठरावीक शब्द हेरणाऱ्या यंत्राला त्यात मृत्यू दिसणार. इंग्लंडमधलं स्कन्थॉर्प हे गाव १९९६मध्ये अशाच यंत्राच्या तावडीत सापडलं: नावातच चार अक्षरांची शिवी दडलेली, म्हणून तिथल्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातीच उघडता येईनात. उलट बाजूनं पाहा. आरक्षणावरच्या एखाद्या लेखाखाली एक मुलगी शांतपणे आपला मुद्दा मांडते. खाली एक गृहस्थ येतात. शिवी नाही, एकेरी नाही, शुद्धलेखनाची चूकही नाही. हात जोडल्याचं चिन्ह टाकून ते एवढंच विचारतात, "ताई, आपलं आडनाव काय?" यंत्र हा प्रश्न खुशाल पुढे सोडतं. ज्याच्या कानांवर तो लहानपणापासून पडत आला आहे, त्याला त्या ओळीखाली आणखी चाळीस जण कुठल्या सुरात जमणार आहेत हे दिसत असतं. मराठी प्रतिक्रियांच्या मागे असा एक तरी माणूस पगारावर बसलेला हवा, आणि काय कापलं, का कापलं, हे त्यानं आपल्या नावानिशी सांगायला हवं. म्हणजे त्याच्याशी भांडता तरी येईल.