स्वभावाला औषध असतं

इथे अमेरिकेत, आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणाचा तरी विषय निघतो. तो किती तापट आहे, ती किती भिडस्त आहे, अमक्यांना चारचौघांत तोंड उघडायला कसं जमत नाही. मग कुणीतरी समजूतदारपणे विषय संपवतं, "जाऊ द्या हो, स्वभावाला औषध नाही." या म्हणीनं आपलं फार नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याला सांभाळून घेताना ती ठीक आहे. पण पंचेचाळिशीतला धडधाकट, शिकलासवरलेला माणूस ती स्वतःबद्दल म्हणायला लागतो, तेव्हा पुढची तीस-चाळीस वर्षं असंच कुढत काढायची त्यानं मनाची तयारी केलेली असते.

स्वभावातलं काही उपजत असतं, हे मला मान्य आहे. एकाच आईची दोन मुलं पाळण्यापासून निराळी असतात. पण आपण ज्याला सरसकट स्वभाव म्हणतो, त्यात लहानपणापासून मनात घोटून घोटून पक्के झालेले विचारही पुष्कळ असतात, आणि ते बदलता येतात. मात्र ते नुसते समजून बदलत नाहीत. त्यांच्याविरुद्ध वागावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा, अगदी जिवावर आलं तरी. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

ज्या माणसानं हे आधी स्वतःवर करून पाहिलं आणि मग जगाला शिकवलं, तो याच देशातला. अल्बर्ट एलिस. जन्म 1913 चा, पिट्सबर्गचा; वाढला न्यूयॉर्कमध्ये. एकोणिसाव्या वर्षी त्याची अवस्था अशी होती, की मुलींशी बोलायचं म्हटलं तरी त्याला दरदरून घाम फुटायचा. ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये तो जायचा, बाकावर बसलेल्या मुलींकडे लांबून बघायचा आणि काहीतरी सबब काढून परत यायचा. शेवटी त्यानं स्वतःला कामाला लावलं. महिनाभर बागेत जायचं, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं, आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. महिन्यात अशा 130 जणी झाल्या. तीस जणी उठून निघून गेल्या. शंभर जणींशी तो बोलला. पक्ष्यांबद्दल, फुलांबद्दल, पुस्तकांबद्दल. त्यातली फक्त एक पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही.

आज कुणी अनोळखी बायकांच्या शेजारी जाऊन बसायला लागला तर ते मला अजिबात चालणार नाही, हे स्पष्ट सांगते. या गोष्टीतलं घेण्यासारखं आहे ते पुढे. हिशेबानं पाहिलं तर एलिस शंभर टक्के नापास झाला होता. पण कुणी किंचाळलं नव्हतं, कुणी पोलिसांना बोलावलं नव्हतं, आणि नकार मिळाल्यानं तो मेलाही नव्हता. "नकार मिळाला तर ते असह्य असेल" हा विचार त्यानं पुस्तक वाचून खोडला नाही. तो शंभरावर वेळा खोटा ठरताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मुलींशी बोलायची त्याची भीती गेली ती अशी.

पुढे एलिस मानसतज्ज्ञ झाला, मनोविश्लेषणाचं रीतसर शिक्षण घेऊन बाहेर पडला, आणि रुग्णाला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून बालपण उकरत बसण्यात त्याचं मन रमेना. 1955 च्या सुमाराला त्यानं स्वतःची पद्धत मांडली. तिचं मूळ त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एपिक्टेटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या शिकवणुकीत सापडलं होतं. गुलाम म्हणून जन्मलेल्या त्या माणसाचं म्हणणं असं, की आपल्याला त्रास घटनांचा होत नाही, त्या घटनांबद्दल आपण जे मत करून घेतो त्याचा होतो. मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. किशोर फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे रुजवली, 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावानं मराठीत आणली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून ती हजारो घरांपर्यंत गेली. डॉ. अंजली जोशी यांनी तर एलिसच्या आयुष्यावर 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली.

आता हे आपल्या अंगणात आणते.

माझ्या परिचयातल्या एका घरची गोष्ट आहे. नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसा असला की नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते, हे वाचकांपैकी अनेकांना पाठ आहे. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं अर्ज करायला हवा, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर सामान बांधा. घरी आई-वडील पुण्याहून राहायला आलेले. हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, आईनं भरलेला डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दोन गावं पलीकडच्या लायब्ररीत जाऊन बसायचा. जवळच्या लायब्ररीत मंडळातलं कुणी भेटेल ही भीती. डबा गाडीत बसून खायचा. त्याच्या ओळखीत चांगल्या कंपन्यांमधली कितीतरी मराठी माणसं होती. एक फोन करून "तुमच्याकडे जागा आहे का" एवढं विचारायचं होतं. तोच फोन त्याच्याच्यानं होईना. साठातले बरेच दिवस असे हातचे गेले.

नोकरी जाणं हे संकट खरंच होतं, त्यात मनाचे खेळ काही नाहीत. झोप उडणं, पोटात गोळा येणं हे त्या संकटाला धरूनच झालं. पण लायब्ररी, गाडीतला डबा आणि न केलेला फोन हे त्या संकटातून आलेलं नव्हतं. ते आलं होतं मनातल्या एका हुकुमातून. मी यशस्वी असलोच पाहिजे, आणि नसेन तर माझी काही किंमत नाही. यश मिळावं ही इच्छा निरोगी आहे, तिच्यामुळेच आपण इथवर आलो. ती इच्छा जेव्हा हट्ट होते आणि तो हट्ट माणसाची लायकी ठरवायला लागतो, तिथे गाडी बिघडते. एलिस आयुष्यभर याच जागेवर बोट ठेवत राहिला. मला नोकरी हवी आहे, असं म्हणणारा माणूस फोन उचलतो. मला नोकरी नसणं शक्यच नाही, असं म्हणणारा लपतो.

हा हट्ट आपल्यात आला कुठून, याचं उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. दहावीचा निकाल लागला की शेजारीपाजारी, मावशी, दूधवाला, सगळे मार्क विचारायचे. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे खातानाचे फोटो वर्तमानपत्रात यायचे. मुलगा अमेरिकेला गेला ही बातमी सोसायटीच्या जिन्यात सांगितली जायची. या मार्कांवरच आपण विमानात चढलो, म्हणून त्या हट्टाबद्दल आपल्याला कृतज्ञताही वाटते. आणि इथे येऊन आपण आपल्या मुलांनाही तेच विचारतो. 95 मिळाले, मग उरलेले पाच कुठे गेले?

त्या गृहस्थानं शेवटी फोन केला. ज्याच्यासमोर सर्वांत जास्त लाज वाटेल असा माणूस त्यानं मुद्दाम निवडला. तो ज्याच्याकडे जायला लागला होता, त्या समुपदेशकानं त्याला तसंच सांगितलं होतं. हात थरथरत होते, घसा कोरडा पडला होता. पलीकडच्या माणसानं दोन प्रश्न विचारले, बायोडेटा पाठवायला सांगितला आणि मुलाला कराटेच्या क्लासला सोडायचंय म्हणून फोन ठेवला. संपलं. नोकरी त्या फोनमुळे लागली नाही, ती नंतर दुसरीकडून लागली. पण त्याच संध्याकाळी त्यानं आणखी तिघांना फोन केले, आणि आई-वडिलांनाही खरं काय ते सांगितलं.

एवढं ऐकल्यावर काही जण म्हणतील, हा तर सकारात्मक विचारांचा जुनाच पाढा. तसं नाही. सकाळी आरशासमोर उभं राहून "मी उत्तम आहे, सगळं छान होणार आहे" म्हणण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. सगळं छान होईलच असं नाही, व्हिसा संपूही शकतो. विवेकी विचार असा, की ते फार वाईट होईल, मला मनापासून दुःख होईल, आणि तरीही मी माणूस म्हणून संपणार नाही. दुःख राहू द्यायचं, त्याची नाउमेद होऊ द्यायची नाही. काळजी राहू द्यायची, तिनं हातपाय गारठू द्यायचे नाहीत.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. कामाच्या ठिकाणी रंगावरून, उच्चारावरून डावललं जातं. सासरी अपमान होतो. अशा वेळी "तुझे विचार बदल" म्हणणं म्हणजे सोसणाऱ्यालाच आरोपी करणं नव्हे का? कुणी तसं म्हणत असेल तर तो अन्यायच. पण अन्यायाशी लढायलाही डोकं ठिकाणावर लागतं. जिच्या मनात "सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे" हे ठाण मांडून बसलंय, ती मॅनेजरच्या विरोधात तक्रार लिहूच शकत नाही. पहिल्या ओळीलाच तिला वाटतं, आपण वाईट ठरू. तो हुकूम सैल झाला की तीच बाई तारीखवार टिपणं काढते आणि रीतसर एचआरकडे जाते. परिस्थिती बदलायची असेल तर आधी ती बदलू पाहणाऱ्या माणसाला उभं राहता आलं पाहिजे.

एलिस आपल्या रुग्णांना लाज घालवायचे धडे घरचा अभ्यास म्हणून द्यायचा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्यानं ओरडायचं आणि उतरायचं नाही, डब्यातच थांबायचं. लोक बघतात, मग पुन्हा फोनमध्ये डोकं घालतात. त्या काळी वर्तमानपत्रात घालत असतील. आपल्यासाठी इतकं नाट्यमय काही करायची गरज नाही. कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला नाव विचारतात तेव्हा आपल्यातले कितीतरी चंद्रशेखर 'सॅम' सांगून मोकळे होतात, मागची रांग खोळंबेल म्हणून. एकदा पूर्ण नाव सांगा. कळलं नाही तर एकेक अक्षर सांगा. मागचा माणूस घड्याळात बघेल, कान गरम होतील, पायांना पळावंसं वाटेल. तिथेच उभं राहायचं. ती गरमी हळूहळू उतरते, आणि ती उतरताना अनुभवणं हाच अभ्यास आहे. पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये चुकीचं उच्चारलेलं नाव दुरुस्त करायचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, ज्या मीटिंगमध्ये वर्षभर गप्प बसलो तिथे एक प्रश्न विचारायचा, उच्चारासकट.

मनाशी भांडण हे मराठी माणसाला नवं नाही. समर्थांनी मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले, आणि आपली मुलं मंडळाच्या स्पर्धेत ते खणखणीत म्हणून बक्षिसं मिळवतात. मला त्याचा अभिमान आहे. पण पाठांतर स्पर्धेनंतर आपण थांबतो. व्याख्यानाला जातो, भारावून येतो, पुस्तक विकत घेतो, दोन वाक्यं व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि सोमवारी त्याच मीटिंगमध्ये तसेच गप्प बसतो. ऐकून आलेली समज वागण्यात उतरायला सराव लागतो, आणि एकट्यानं सराव फार कमी जणांकडून होतो.

यासाठी माझी मंडळाकडे एक ठोस मागणी आहे. मॅनहॅटनमधल्या स्वतःच्या संस्थेत एलिस शुक्रवारी रात्री जाहीर कार्यशाळा घ्यायचा, आणि ती त्यानं अनेक दशकं चालवली. प्रेक्षकांतलं कुणीतरी स्वतःहून पुढे यायचं, आपली अडचण सांगायचं, आणि सगळ्यांसमोर तिची उकल व्हायची. आपणही महिन्यातून एका शनिवारी दुपारी दोन तास असे बसू शकतो. मराठी जाणणारे परवानाधारक समुपदेशक आपल्या परिसरात आहेत, त्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावं. पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, सूत्रसंचालन यातलं काही नको. खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही, हे प्रत्येकानं आधी कबूल करावं. आणि उठताना प्रत्येकानं पुढच्या महिन्यात करायची एक अवघड गोष्ट मोठ्यानं सांगावी, पुढच्या वेळी आल्यावर ती केली की नाही तेही सांगावं. ज्यांचं दुखणं यापलीकडचं आहे, दिवसेंदिवस झोप नाही, जगणं नकोसं झालं आहे, त्यांनी अशा बैठकीची वाट न बघता थेट डॉक्टरकडे जावं. या देशात 988 हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास चालू असतो.

दिवाळी कार्यक्रमाच्या ध्वनियोजनेवर आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या थोड्याशा भागात हे वर्षभर चालेल. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदन द्यायला दोन सभासद लागतात.